अर्जाची इंग्रजी आणि तिचे मराठी वारस

गोंदिया शहराला लागून असलेले कुडवा हे गाव ज्या टापूत येते, तेथे एकाच दिवसात चार-पाच भाषा कानावर पडतात. घरात पोवारी किंवा गोंडी, बाजारात हिंदी व क्वचित छत्तीसगढी, शाळेत आणि कचेरीत मराठी अशी ही वाटणी आहे, आणि या सर्वांच्या वर, बोलण्यापेक्षा कागदावरच अधिक भेटणारी, इंग्रजी आहे. मुंबई-पुण्याकडे इंग्रजी महाविद्यालयांतून, वृत्तपत्रांतून आणि नाटक-कादंबऱ्यांतून शिरली. पूर्व विदर्भाच्या खेड्यांत ती अर्ज, नोटीस, रेल्वेची पावती आणि तार या चार कागदांवरून आली. त्यामुळे या भागातील इंग्रजीचा इतिहास हा मुख्यतः ठरीव वाक्प्रयोगांचा, म्हणजे जसेच्या तसे उचलून वापरायच्या शब्दबंधांचा इतिहास आहे. 'आय बेग टु स्टेट', 'काइंडली डू द नीडफुल', 'एन्क्लोज्ड हियरविथ' यांसारख्या ज्या प्रयोगांना आज चुकीची किंवा हास्यास्पद इंग्रजी म्हटले जाते, त्यांतील बरेचसे प्रयोग मुळात चुकलेले नाहीत. ते आपल्या काळी इंग्रजांच्या कचेरीत पूर्णपणे शुद्ध होते, आणि इंग्रजांनी ते टाकून दिल्यानंतरही येथे टिकून राहिले.

इंग्रजी येण्यापूर्वी या मुलखात पत्रलेखन सैल किंवा मनमानी नव्हते. नागपूरकर भोसल्यांच्या दफ्तरात मोडी लिपीत लिहिल्या जाणाऱ्या पत्राचे मायना, मजकूर आणि शेवट असे तीन भाग काटेकोर ठरलेले असत. मायना म्हणजे पत्राच्या आरंभी येणारे संबोधन. 'राजमान्य राजश्री', 'तीर्थस्वरूप', 'चिरंजीव', 'सेवेसी' यांपैकी कोणता शब्द कोणाला लावायचा हे लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या दर्जावर अवलंबून असे. हेमाद्रीच्या नावावर प्रसिद्ध असलेले 'मेस्तक' हे लेखनपद्धतीचे टाचण या शिस्तीचे जुने उदाहरण होय. वरिष्ठाकडे जाणाऱ्या मजकुराला 'विज्ञापना' म्हणत आणि शेवटी 'लोभ असावा, हे विनंती' किंवा 'बहुत काय लिहिणे' असे लिहून हात आवरत. या परंपरेत पत्राची शुद्धता वाक्यरचनेत कमी आणि आरंभ व शेवट यांच्या औचित्यात जास्त शोधली जाई, कारण मायना चुकला तर मजकूर कितीही नेटका असला तरी तो अपमान ठरे. पुढे याच समाजातील कारकुनाच्या हाती इंग्रजी पत्र आले, तेव्हा त्याने प्रथम डोके आणि शेपूट पाठ केले, यात त्याच्या जुन्या शिक्षणाचा भाग मोठा होता.

तिसरे रघुजी भोसले १८५३ मध्ये निपुत्रिक निवर्तले आणि लॉर्ड डलहौसीने त्यांचे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये त्याच मुलखाला सागर-नर्मदा प्रदेश जोडून मध्य प्रांत हा नवा प्रांत बनला आणि नागपूर त्याची राजधानी झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोंदिया परिसर भंडारा जिल्ह्याच्या तिरोडा तहसिलीत मोडत असे. या प्रांताची कारभारी परिभाषा मुंबई इलाख्याहून वेगळी होती, आणि तो फरक अजूनही ऐकू येतो. पश्चिम महाराष्ट्रात जेथे तालुका, मामलेदार आणि तलाठी असत, तेथे या बाजूला तहसील, तहसीलदार आणि पटवारी असत. जमीनमहसुलाची जबाबदारी गावाच्या मालगुजारावर असे. खटल्याच्या तारखेला पेशी आणि प्रकरणाच्या कागदांना मिसल म्हणत. मराठी जिल्ह्यांच्या खालच्या कचेऱ्यांत मराठी चाले, पण तिची नामावली फारसी-हिंदुस्थानी वळणाची होती. अर्जात मनुष्याची ओळख 'अमुक वल्द अमुक, जात अमुक, साकीन मौजा अमुक' अशा क्रमाने दिली जाई. 'वल्द' म्हणजे मुलगा आणि 'साकीन' म्हणजे राहणारा.

हा क्रम येथे नोंदवण्याचे कारण असे की, तो पुढे इंग्रजीत तसाच उतरला. इंग्लंडमधील साध्या अर्जात अर्जदाराच्या बापाचे नाव सांगण्याची चाल नव्हती. भारतातील इंग्रजी अर्जात मात्र नावापाठोपाठ 'सन ऑफ', मग जात, मग 'रेसिडेंट ऑफ' असे तिन्ही घटक येत राहिले, आणि त्यांची तिरपी रेघ घातलेली आखूड रूपे आजही मुद्रांकावरच्या करारनाम्यात, ओळखपत्रावर आणि न्यायालयाच्या समन्सावर दिसतात. एखाद्या इंग्रजाला हा प्रयोग विचित्र वाटला तरी त्याला चूक म्हणता येत नाही. एकाच नावाची माणसे गावोगाव सापडणाऱ्या मुलखातील महसूल व्यवस्थेला त्याची गरज होती, आणि ती गरज इंग्रजीने भागवली एवढेच.

इंग्रजी जाणणाऱ्यांना सरकारी नोकरीत प्राधान्य देण्याचा निर्णय लॉर्ड हार्डिंगने १८४४ मध्ये घेतला आणि १८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षणखात्याची उभारणी सुरू झाली. मध्य प्रांतात या धोरणाचा परिणाम कचेऱ्यांच्या उतरंडीत दिसला. तहसिलीपर्यंत देशी भाषा चाले. जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर आणि त्यावरचे सर्व अधिकारी आपसातील लेखनव्यवहार इंग्रजीत करीत. कुडव्यासारख्या गावातील कास्तकाराचा अर्ज तहसिलीच्या आवारात बसणाऱ्या अर्जनवीसाने, म्हणजे मोबदला घेऊन अर्ज लिहून देणाऱ्या लेखकाने, देशी भाषेत लिहिला तरी चालत असे. पण तेच प्रकरण अपिलात वर गेले की त्याला इंग्रजी रूप घ्यावे लागे. नागपूरला चीफ कमिशनरकडे थेट निवेदन धाडायचे असल्यास वकील किंवा इंग्रजी जाणणारा लेखनिक गाठणे भाग पडे.

या इंग्रजी निवेदनाचा साचा ठरलेला होता. आरंभी 'द हंबल पिटिशन ऑफ' आणि अर्जदाराची ओळख, मग 'मोस्ट रिस्पेक्टफुली शोएथ', म्हणजे अत्यंत आदरपूर्वक निवेदन करतो की, त्याखाली अनुक्रमांक घातलेले परिच्छेद, आणि शेवटी 'फॉर विच अ‍ॅक्ट ऑफ काइंडनेस युवर पिटिशनर शॅल एव्हर प्रे', म्हणजे या कृपेबद्दल अर्जदार आपले सदैव शुभ चिंतील, अशी त्याची घडण असे. यातील 'शोएथ' हे क्रियापद विसाव्या शतकाच्या आरंभी बोलभाषेत मृत झालेले होते. इंग्लंडच्या न्यायालयांत आणि पार्लमेंटपुढच्या अर्जांत मात्र ते जिवंत असल्याने त्याला अशुद्ध म्हणण्याची सोय नव्हती. नोकरीत असलेल्यांच्या पत्रांना वेगळा शेवट असे: 'आय हॅव द ऑनर टु बी, सर, युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट'. हा शेवट हिंदी कारकुनाच्या लाचारीचा पुरावा म्हणून अनेकदा पुढे केला जातो. त्या आरोपात अर्धेच तथ्य आहे, कारण गोरा डेप्युटी कमिशनर आपल्या गोऱ्या कमिशनरला लिहिताना नेमका हाच शेवट वापरी, आणि लंडनच्या कचेऱ्यांतही तो सर्रास चाले. ज्याच्या घरी 'विज्ञापना' आणि 'सेवेसी' यांचा सराव होता, त्याला तो परका वाटण्याचे कारण नव्हते.

तथापि या भागात इंग्रजी वाक्प्रयोगाला खरी किंमत आणून दिली ती रेल्वेने. नागपूर ते राजनांदगाव हा मीटरगेज मार्ग १८८० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वे कंपनीने तो ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केला आणि पुढे कलकत्त्याच्या बाजूला जोडला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपूरकडे जाणारा अरुंद मार्ग झाल्यावर गोंदिया जंक्शन बनले, आणि धानाच्या गिरण्या, विडीचे कारखाने, तेंदूपान व इतर जंगलमाल यांचा व्यापार स्टेशनाभोवती गोळा झाला. गुजराती, कच्छी आणि मारवाडी व्यापारी आपली वहीखाती आपापल्या लिपीत ठेवीत, मजुरांशी हिंदीत किंवा मराठीत बोलत, पण कलकत्त्यात गार्डन रीच येथे मुख्य कचेरी असलेल्या या कंपनीशी लेखी व्यवहार इंग्रजीतच करावा लागे.

त्या व्यवहारातील शब्द साधे दिसले तरी साधे नव्हते. मालाच्या पावतीवर 'सेड टु कंटेन' असे छापलेले असे. त्याचा अर्थ असा की पोत्यांत काय आहे हे पाठवणारा सांगतो, रेल्वेने ते मोजून-तपासून पाहिलेले नाही. 'ओनर्स रिस्क', म्हणजे मालकाच्या जोखमीवर, हा दुसरा शब्दबंध होता. कमी दराने माल पाठवायचा असेल तर व्यापाऱ्याला १८९० च्या रेल्वे कायद्याच्या ७२ व्या कलमानुसार 'रिस्क नोट' नावाचा छापील करार सही करून द्यावा लागे, आणि त्यामुळे माल गहाळ झाल्यास किंवा बिघडल्यास कंपनीची जबाबदारी बरीच कमी होत असे. त्याच कायद्याच्या ७७ व्या कलमाने भरपाईची मागणी माल सोपवल्यापासून सहा महिन्यांच्या आत लेखी केली पाहिजे असे बंधन घातले होते. ही मागणी कोणत्या अधिकाऱ्याला उद्देशून लिहावी, स्टेशनमास्तरला दिलेले पत्र पुरेसे होते की नाही, यावर देशभर खटले झाले. त्याहून लक्षणीय वाद 'लॉस' आणि 'नॉन-डिलिव्हरी' या दोन शब्दांवर झाला. कलमात हानी, नाश आणि बिघाड हे शब्द होते. माल हरवला की नष्ट झाला हे न कळता तो नुसता पोचलाच नाही, तर त्याला 'लॉस' म्हणायचे का, यावर उच्च न्यायालयांची मते फाटली होती आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुसद्दीलाल खटल्यात न पोचलेला मालही या कलमात मोडतो असा निर्णय दिला. तोवर एखाद्या व्यापाऱ्याने आपल्या पत्रात यांपैकी कोणता शब्द वापरला यावर पोत्यांची किंमत परत मिळणे किंवा न मिळणे ठरू शकत असे.

सरकारविरुद्धच्या दाव्यांतही हीच कडकाई होती. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८० व्या कलमाप्रमाणे दावा लावण्यापूर्वी दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि मालेगावच्या १९२१ च्या दंग्यांतून उद्भवलेल्या भागचंद दगडूसा यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९२७ मध्ये असे ठरवले की या अटीला अपवाद नाही. अशा वातावरणात व्यापारी आणि त्यांचे मुनीम नव्या वाक्यरचनेचे धाडस करणार नाहीत, हे उघड आहे. जे वाक्य एकदा मान्य झाले ते पुन्हा लिहायचे, आणि जे वकिलाने लिहून दिले त्यात काना-मात्राही हलवायचा नाही, हा व्यवहारी शहाणपणा होता. ठरीव इंग्रजीच्या टिकाऊपणाचे हे कारण भाषेच्या इतिहासकारांनी फारसे विचारात घेतलेले नाही. त्यांनी कारकुनाच्या मानसिकतेवर पाने खर्च केली आणि मुदतीच्या कायद्याकडे पाहिले नाही.

ही इंग्रजी शिकवली कशी गेली, हा प्रश्न आता येतो. मराठी मुलखात तर्खडकर भाषांतर पाठमाला हे नाव कित्येक पिढ्यांच्या तोंडी होते. मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी करता करता, नियम मराठीतून समजावत, ही पाठमाला पुढे जाई; मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांच्या व्याकरणाशी तिची गल्लत होते, पण दोन्ही कामे निराळी आहेत. वरच्या वर्गांत नेसफिल्डची व्याकरणमाला आणि १९३० च्या दशकापासून मुंबईहून प्रसिद्ध झालेले रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण आले. नागपुरात हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये आणि मॉरिस कॉलेज १८८५ मध्ये सुरू झाले. ही महाविद्यालये प्रथम कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाशी जोडलेली होती, आणि १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाल्यावरच त्यांच्या परीक्षा स्थानिक झाल्या. भंडारा-गोंदियाकडचा जो मुलगा पदवीपर्यंत पोचे तो शेक्सपिअर आणि मिल्टन वाचून येई, पण त्याच्या पहिल्या नोकरीत लागणारे इंग्रजी या दोघांपैकी कोणीच शिकवलेले नसे. ते त्याला हेडक्लार्कच्या जुन्या फाइलींतून उचलावे लागे. फाइल हीच खरी शाळा असल्याने एका पिढीचे प्रयोग पुढच्या पिढीकडे न तपासता जात राहिले.

भारतीयांच्या इंग्रजी वाक्प्रयोगांची पद्धतशीर तपासणी करणारे एक महत्त्वाचे पुस्तक याच काळातले आहे. मुंबई इलाख्याच्या सनदी नोकरीत राहिलेल्या जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थ यांनी १९०७ मध्ये 'इंडियन इंग्लिश' या नावाने ते प्रसिद्ध केले. त्याआधी १८८५ मध्ये त्यांनी इंग्रजीत रुळलेल्या भारतीय शब्दांचा कोश केला होता, त्यामुळे दोन्ही दिशांची देवघेव त्यांना ठाऊक होती. त्यांचा विषय व्याकरणाच्या ढोबळ चुकांचा नव्हता; व्याकरणदृष्ट्या निर्दोष दिसूनही इंग्रजाच्या कानाला खटकणारे प्रयोग, म्हणजे रूढीविरुद्धचे प्रयोग, हा होता. त्या दशकांत 'बाबू इंग्लिश' या नावाखाली हिंदी माणसांच्या पत्रांतील वेडीवाकडी वाक्ये छापून हसण्याचा एक बाजार लंडनमध्ये तेजीत होता. १८९१ मधील अर्नोल्ड राइट यांचा संग्रह आणि १८९७ मधील अ‍ॅन्स्टी यांचा 'बाबू जबरजी' त्यातलेच. त्या हसण्यापुढे व्हिटवर्थ यांची बैठक पुष्कळ गंभीर आहे. त्यांच्या मापदंडाला मात्र एक मर्यादा आहे: सुशिक्षित इंग्रज आज जसे लिहितो तेच बरोबर, असे धरले की कालचा इंग्रज जसा लिहीत असे तेही चूक ठरते.

येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत, आणि शाळांतून त्या आजही एकाच तांबड्या शाईने खोडल्या जातात. पहिल्या गटात मराठीच्या किंवा हिंदीच्या ठेवणीतून आलेले प्रयोग येतात. मराठीत नामापूर्वी 'अ' किंवा 'द' यांसारखे उपपद नसल्याने ते इंग्रजीत गाळले जाते किंवा नको तेथे लावले जाते. 'मी इथेच राहतो' यातील 'च' ला इंग्रजीत वाक्याच्या शेवटी 'ओन्ली' असे रूप मिळते. कायमचा निवास आणि तात्पुरता मुक्काम या दोन्हींना मराठीत 'राहणे' हे एकच क्रियापद पुरते, म्हणून जन्मभर कुडव्यात राहणारा मनुष्यही 'आय स्टे अ‍ॅट कुडवा' असे लिहितो. 'आज सकाळी' चे 'टुडे मॉर्निंग', 'परीक्षा देणे' चे 'गिव्ह एक्झाम' आणि 'त्याविषयी चर्चा' चे 'डिस्कस अबाउट' होते. हे प्रयोग इंग्रजीच्या कोणत्याही काळात इंग्लंडमध्ये रूढ नव्हते आणि औपचारिक लेखनात ते टाळावेत हे शिक्षकाचे म्हणणे योग्य आहे. ज्या मुलाच्या घरी पोवारी किंवा गोंडी आहे त्याच्या बाबतीत तर मराठी हीच दुसरी भाषा असते, आणि हे वळण त्याच्याकडे दोन थर ओलांडून आलेले असते.

दुसऱ्या गटातील प्रयोग वयाने म्हातारे झालेले आहेत. 'डू द नीडफुल', म्हणजे जे आवश्यक ते करावे, हा प्रयोग अठराव्या शतकापासून ब्रिटिश व्यापारी आणि सरकारी पत्रव्यवहारात राजरोस चालत होता. विसाव्या शतकात तो तेथे मागे पडला आणि भारतात राहिला. 'आय बेग टु स्टेट' आणि 'एन्क्लोज्ड प्लीज फाइंड' यांचीही कथा हीच आहे. 'आउट ऑफ स्टेशन' मधील 'स्टेशन' रेल्वेचे नव्हे; कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याची नेमणूक ज्या ठिकाणी असे त्याला 'स्टेशन' म्हणत आणि ते सोडायला परवानगी लागे. गोंदियासारख्या रेल्वेच्या गावात या शब्दाचा अर्थ रुळांशी जोडला गेला तर त्यात नवल नाही. याउलट 'प्रीपोन' हा ठरलेली वेळ अलीकडे आणणे या अर्थाचा शब्द भारतीयांनी 'पोस्टपोन' वरून चालवला, त्याची घडण तर्कशुद्ध आहे, आणि इंग्रजीच्या कोशांनी आता त्याला जागा दिली आहे.

तारेने या ठरीवपणाला आणखी एक टोक दिले. तारेचे पैसे शब्दांवर मोजले जात, म्हणून उपपदे, सहायक क्रियापदे आणि नम्रतेचे सर्व शब्द गाळून राहिलेली इंग्रजी खेडोपाडी वाचली गेली. पत्रात जितकी पाल्हाळिक तितकी तारेत तुटक, अशी एकाच भाषेची दोन रूपे एकाच पोस्टात भेटत. तारखात्याने शुभेच्छांची वाक्ये क्रमांक घालून ठरवून दिली होती. पाठवणाऱ्याने नुसता क्रमांक सांगितला की पलीकडे दीपावलीचे किंवा विवाहाचे पूर्ण इंग्रजी वाक्य उमटे. जागतिक व्यापारात हीच कल्पना १९०६ च्या बेंटलीच्या कोशाने राबवली होती, ज्यात पाच अक्षरांचा एकेक संकेत अख्ख्या व्यापारी वाक्याच्या जागी वापरला जाई. लग्नाच्या मांडवात वाचून दाखवल्या जाणाऱ्या तारेतील इंग्रजी कोणाच्या पदरी नव्हती आणि सर्वांच्या पाठ होती. ही सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्येच हवा बदलली. ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून अर्नेस्ट गॉवर्स यांनी १९४८ मध्ये 'प्लेन वर्ड्स' हे छोटे पुस्तक लिहिले, आणि सरकारी नोकराने नागरिकाशी सरळ, थोडक्यात आणि माणसासारखे बोलावे अशी मागणी केली. जुन्या कचेरीतील फुगीर शब्दबंधांवर त्यात कडक टीका आहे. ज्या वर्षी इंग्रज आपल्या सरकारी इंग्रजीची झाडलोट करू लागला, त्याच सुमारास नागपूरचे सचिवालय त्या इंग्रजीचे भाषांतर करायला बसले होते. या योगायोगाचे परिणाम दूरवर गेले.

रविशंकर शुक्ल यांच्या सरकारने भारतीय भाषांतून कारभार चालवण्याचा आग्रह धरला आणि डॉ. रघुवीर यांनी नागपुरात बसून संस्कृत धातूंवरून हजारो पारिभाषिक शब्द घडवले. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोठ्या इंग्रजी-हिंदी कोशाच्या नावातच शासकीय व शैक्षणिक शब्दांबरोबर वाक्प्रयोगांचाही उल्लेख आहे. १९५० च्या राजभाषा कायद्याने तेव्हाच्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा ठरल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन भंडारा जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, शेजारचा बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, आणि गोंदियापासून काही कोसांवर कचेरीची भाषा बदलू लागली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालय स्थापन झाले. १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला, आणि संचालनालयाने काढलेल्या पदनामांच्या आणि शासन व्यवहाराच्या कोशांतून मराठी कारभाराची आजची परिभाषा उभी राहिली. या कामाला बडोद्याच्या १९३१ च्या 'सयाजी शासन शब्दकल्पतरू' ची आणि त्याहून मागे शिवकालीन 'राजव्यवहारकोशा' ची परंपरा होती, परंतु त्या दोन्हींपेक्षा यावेळी एक गोष्ट वेगळी घडली: शब्दांबरोबर इंग्रजी पत्राचा सबंध सांगाडा मराठीत आला.

आजचा मराठी अर्ज समोर ठेवला की हे स्पष्ट दिसते. उजवीकडे दिनांक, डावीकडे 'प्रति', मग 'विषय', मग 'संदर्भ', मग 'महोदय' हे सर्व इंग्रजी पत्राचे अवयव आहेत. 'उपरोक्त विषयास अनुसरून' हे 'विथ रेफरन्स टु द सब्जेक्ट सायटेड अबव्ह' होय. 'निम्नस्वाक्षरीकार' हा 'अंडरसाइन्ड' होय. 'माहितीसाठी व आवश्यक त्या कार्यवाहीसाठी', 'योग्य मार्गाने', 'निदर्शनास आले आहे', 'मुख्यालय सोडण्याची परवानगी' आणि 'आपला विश्वासू' यांचेही मूळ तेथेच आहे. 'योग्य ती कार्यवाही व्हावी' हे तर ज्या 'डू द नीडफुल' ला इंग्रजीच्या तासाला खोडले जाते त्याचेच मराठी रूप आहे, आणि मराठीच्या तासाला त्याला पूर्ण गुण मिळतात. वाक्यरचनाही यातून सुटली नाही. 'आपणास कळविण्यात येते की', 'आदेश पारित करण्यात येत आहे' अशा वाक्यांत करणारा कोण हे सांगितलेलेच नसते. इंग्रजी कर्मणी रचनेची ही सावली आहे. 'रावण रामाकडून मारला गेला' यासारख्या वाक्यांना मराठी व्याकरणाच्या पाठ्यपुस्तकांनी 'नवीन कर्मणी प्रयोग' असे नाव दिले आणि तो इंग्रजीवरून आल्याचे सांगितले, ते याच कारणाने.

मात्र त्या अर्जाचा शेवट पाहिला तर 'ही विनंती' हे दोन शब्द उभे असतात, आणि ते कोणत्याही इंग्रजी पत्रातून आलेले नाहीत. भोसले-पेशव्यांच्या काळातील 'हे विनंती' तेथे थोड्या फरकाने टिकली आहे. सीमेपलीकडे बालाघाटच्या हिंदी अर्जात 'सेवा में', 'सविनय निवेदन है कि' आणि विद्यार्थ्याचा 'आपका आज्ञाकारी शिष्य' असतो. या शेवटच्या शब्दांत 'ओबीडियंट सर्व्हंट' अजून नोकरीवर आहे, आणि मराठी शाळेतील 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' त्याचाच भाऊबंद आहे. गोंदियाच्या बाजूला दोन्ही साचे ओळखीचे असल्याने मराठी अर्जात 'सविनय' आणि 'पारित' सहज मिसळतात. पुण्याच्या वाचकाला ते हिंदी वाटते. या भागाच्या दृष्टीने तो मध्य प्रांताच्या कचेरीचा वारसा आहे, आणि त्याला अशुद्ध ठरवण्याची घाई करू नये.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला, तेव्हा कुडव्याच्या पत्त्यातील शेवटची ओळ बदलली आणि जिल्ह्याच्या कामासाठीची भंडाऱ्याची वारी संपली. पुढच्याच वर्षी, २००० मध्ये, राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. पूर्वी इंग्रजी कागदावरून तोंडी येई. आता ती गाण्यांतून आणि संभाषणातून सुरू होते आणि कागदावर उशिरा पोचते, त्यामुळे आजच्या मुलाला 'आय बेग टु स्टेट' हे वाक्य आजोबांच्या फाइलीत सापडले तर परके वाटते. स्पर्धा परीक्षेच्या आणि बँकेच्या अर्जांत मात्र जुने साचे कायम आहेत. अशा वेळी शिक्षकाने निर्णय कागद कोठे जाणार यावरून करावा हे उत्तम. गोंदियातील शाखाधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात 'काइंडली डू द नीडफुल' असले तर काही बिघडत नाही, कारण वाचणारा त्याच परंपरेतला आहे आणि त्याला नेमके काय करायचे ते कळते. परदेशातील विद्यापीठाला लिहिताना काय हवे आहे ते नाव घेऊन सांगावे लागेल, कारण तेथील वाचकाला 'नीडफुल' म्हणजे कोणते काम हे समजणार नाही. 'टुडे मॉर्निंग' दोन्हीकडे खोडावे. 'सन ऑफ' दोन्हीकडे ठेवावे लागेल, निदान पारपत्राच्या आणि महसुली नोंदींच्या रकान्यांत बापाचे नाव विचारले जाते तोवर.